एक शांत शहर, स्वस्तात

माझी बहीण एव्हरिल सहलीचा बेत आखायला बसली की घरात कुणी मोठ्याने खोकायचंही नसतं. रविवारचं जेवण उरकायचं, उरलेलं मांस सोमवारसाठी झाकून ठेवायचं, टेबल पुसायचं, मग चष्मा नाकावर चढवून टॅबलेट समोर उभा करायचा. त्याच्याकडे ती अशी बघते, जणू तो तिच्यापासून काहीतरी लपवतोय. गेल्या सप्टेंबरात शेफील्डमध्ये पाऊस लागून राहिला होता, तेव्हा तिने स्पेनमधलं एखादं शहर शोधायला घेतलं. चार रात्री, तीन माणसं.

तिसरं माणूस मी. दोन खोल्यांचं घर तिघांत वाटलं की दोघांना हलकं पडतं, एवढीच माझी लायकी होती, आणि ती तिने लपवलीही नव्हती.

“हेझल, तू आलीस की मला सोबत होईल,” ती म्हणाली. “आणि भाड्यालाही.”

शहराकडून तिच्या तीन अपेक्षा होत्या. ते स्वस्त असावं, सपाट असावं आणि शांत असावं. स्वस्त तिच्यासाठी. सपाट आणि शांत तिच्या नवऱ्यासाठी.

तिचा नवरा क्लिफ. पोलाद ठोकायच्या कारखान्यात वाफेच्या घणाखाली त्याने पस्तीस वर्षं काढली. कारखाना बंद पडला तेव्हा त्याला एक घड्याळ मिळालं आणि कान तिथेच राहिले. आता कानांत यंत्रं असतात. चार भिंतींत एकच माणूस बोलत असेल तर ती चालतात. चार माणसं एकदम बोलायला लागली की ती शिट्ट्या मारतात आणि सगळ्या बोलण्याचा चिवडा होतो. मग क्लिफ ती काढून शर्टाच्या खिशात टाकतो, कोट चढवतो आणि दारापाशी जाऊन उभा राहतो. काही बोलत नाही, नुसता उभा राहतो. दोन लग्नं, एक बारसं आणि माझी साठी एव्हरिलने अशीच अर्धी टाकली आहे. माझ्या साठीला केक कापायच्या आधीच ती दोघं निघाली. ते मी विसरलेले नाही.

आम्ही टेबलाशी बोलत असू तेव्हा क्लिफ खिडकीतल्या खुर्चीत, आमच्याकडे तोंड करून, मांडीवर घोड्यांच्या शर्यतींचं पान घेऊन बसलेला असे. त्याच रविवारी एव्हरिलने बटाटे सोलता सोलता आवाज खाली केला. लाजेची गोष्ट सांगताना आवाज आपोआप खाली जातो.

“ब्रिडलिंग्टनला डॉरीनकडे एक खोली रिकामी आहे,” ती म्हणाली. डॉरीन म्हणजे तिची जुनी मैत्रीण, समुद्रकाठी जाऊन राहिलेली. “ये म्हणतेय. उन्हाळ्यापुरती ये, मग बघू म्हणतेय.”

“आणि क्लिफ?”

“क्लिफला इथेच राहायचंय. त्याला कुठेच जायचं नसतं.” तिने सोललेला बटाटा पाण्यात टाकला. “ही शेवटची खेप, हेझल. या सहलीतही तो कोट घालून दारात उभा राहिला ना, तर मी त्याला घरी घेऊन येईन आणि परत कध्धी विचारणार नाही. मार्चअखेर डॉरीनला कळवायचंय.”

“त्याला सांगितलंयस?”

“काय सांगू? आणि कसं, ओरडून? शेजारच्यांना कळेल.”

एव्हरिल उगाच बोलणाऱ्यांतली नाही. तिने एकदा केक तसाच टाकून निघायचं ठरवलं की ती निघते. फरक इतकाच, की या वेळी ती एकटीच निघणार होती.

मग पुढचे सगळे रविवार शहरांची छाननी झाली.

“बार्सिलोना?” मी म्हणाले.

“महाग. आणि खिसेकापू.”

“ग्रॅनाडा? तिथे पेल्याबरोबर खायला फुकट देतात म्हणे.”

“आणि डोंगर चढायला लावतात. क्लिफचे गुडघे तू उचलणार आहेस का?”

“सेव्हिल?”

“तिथे रात्र रात्र टाचा आपटत नाचतात. मी फिल्ममध्ये पाहिलंय.”

शेवटी व्हॅलेन्सिया उरलं. जमीन ताटासारखी सपाट. नदी वळवून तिच्या कोरड्या पात्रात लांबलचक बाग केलेली, बसायला जागोजागी बाकं. दुपारचं ठरीव जेवण पाव आणि वाइनसकट स्वस्त, मात्र फक्त कामाच्या दिवशी, म्हणून जायचं मंगळवारी आणि यायचं शनिवारी. एव्हरिलने तारीखही तशीच विचार करून काढली. मार्चचा मधला आठवडा. शाळांना सुट्टी नाही, ईस्टर लांब, समुद्रात पाय बुडवावा इतकंही ऊन नाही.

“काळं कुत्रं नसेल तिथे,” ती खुशीत म्हणाली आणि सेलमधली विमानाची तिकिटं काढून मोकळी झाली.

घर शोधताना मात्र एक गंमत झाली. शहराच्या मध्यभागी एकही घर रिकामं दाखवेना. जी दोन-तीन होती त्यांचे भाव वाचून डोळे पांढरे झाले.

“मार्चमध्ये हे भाव? लुटारू मेले!” एव्हरिल म्हणाली.

शहर कशामुळे तरी भरलं असेल, हे आम्हा दोघींपैकी एकीच्याही डोक्यात आलं नाही. आमच्याकडे मार्चमध्ये काहीच घडत नाही, तेव्हा जगातही काही घडत नसणार, असा आमचा साधा हिशेब. आम्हा इंग्रजांना दुसऱ्याचे सणवार उन्हातच दिसतात. एव्हरिलने शहराबाहेर, मेट्रोच्या रस्त्यावर, अल्बोरायामध्ये एक घर धरलं आणि शंभर पौंड वाचवल्याच्या आनंदात मला शेरीचा अर्धा पेला दिला. घराची मालकीण आम्पारो म्हणून होती. तिने मेसेज पाठवून विचारलं, सणासाठी येताय ना? एव्हरिलने उत्तर दिलं, नाही, विश्रांतीसाठी. त्यावर आम्पारोने हसून हसून डोळ्यांतून पाणी येणारा एक चेहरा पाठवला. स्पॅनिश लोक फार मनमोकळे असतात, असं एव्हरिल मला म्हणाली.

मंगळवारी पहाटे मँचेस्टरच्या विमानतळावर आम्ही तिघं कोबीच्या गड्ड्यासारखे उभे होतो, कारण फक्त हातातली पिशवी फुकट होती आणि एव्हरिलने उरलेले कपडे आमच्या अंगावर चढवले होते. माझ्या कोटाच्या एका खिशात चहाच्या पिशव्या आणि दुसऱ्यात क्लिफच्या गुडघ्याचं मलम. क्लिफ कुरकुरला नाही. खरं तर मला त्याचंच नवल वाटलं. दोन वर्षांपूर्वी स्कारबरोला न्यायचं म्हटलं तर त्याने तीन दिवस तोंड पाडलं होतं. या वेळी नुसतं विचारलं, “कधी निघायचं?” आणि बूट पुसून ठेवले.

व्हॅलेन्सियात मेट्रोतून वर आलो आणि पहिल्याच पावलाला माझ्या टाचेशी काहीतरी फुटलं. मी किंचाळले. चार-पाच वर्षांची एक मुलगी, गळ्यात फटाक्यांची लाकडी पेटी अडकवलेली, माझ्याकडे बघून हसली आणि तिच्या आजीने तिला पुढचा फटाका काढून दिला. हाकेच्या अंतरावर चौकात तीन मजले उंच, रंगीत बाहुल्यांचा एक मनोरा उभा होता. पुढच्या चौकात दुसरा. बँडवाले येत होते, बँडवाले जात होते. रेशमी घेरदार झगे घातलेल्या बायका डोक्यावर सोनेरी कंगवे खोचून मोबाइलवर बोलत होत्या. सगळं शहर रस्त्यावर आणि शहराच्या हातात दारूगोळा.

आम्पारो किल्ली द्यायला आली तेव्हा तिने सगळं समजावून सांगितलं. सुतारांचा संत जोसेफ, त्याचा सण, एकोणीस तारखेपर्यंत रोज हे असंच, आणि शेवटच्या रात्री सगळे मनोरे जाळायचे.

“विश्रांतीसाठी!” ती एव्हरिलच्या दंडाला धरून म्हणाली आणि पुन्हा तशीच हसली.

एव्हरिल हसली नाही. करायला गेलो एक आणि झालं भलतंच, हे तिच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं. संध्याकाळी आम्ही जवळच खायला बाहेर पडलो, तर साडेसहाला एकही स्वयंपाकघर उघडं नव्हतं. बंद दारांसमोरून हिंडत असताना कोपऱ्यावर फटाक्यांची एक माळ लागली. क्लिफचा चेहरा आंबट झाला. त्याने दोन्ही कानांतली यंत्रं काढली आणि शर्टाच्या खिशात टाकली. एव्हरिलने ते पाहिलं. मीही पाहिलं.

“कोट त्याने घातलेलाच आहे,” ती मला हळूच म्हणाली. “आता फक्त दार शोधायचं राहिलंय.”

घरी येऊन आम्ही बरोबर आणलेली बिस्किटं चहात बुडवून खाल्ली आणि झोपलो. म्हणजे क्लिफ झोपला. त्याला काय, त्याची यंत्रं खिशात होती. आम्ही दोघी पहाटेपर्यंत धडाके मोजत पडलो. मला वाईट वाटत होतं, आणि आपण डॉरीनच्या खोलीचं भाडं किती असेल याचा विचार करतोय म्हणून स्वतःचा रागही येत होता.

दुसऱ्या दिवशी एव्हरिलने बेत सोडला नाही. बेत सोडणं तिला जमत नाही. दुपारचं ठरीव जेवण हा तिच्या योजनेचा खांब होता, तेव्हा साडेबाराला आम्ही शहराच्या मध्यभागी एका गल्लीतल्या खानावळीत जाऊन पोचलो. खुर्च्या उलट्या टेबलावर होत्या. वाढप्याने घड्याळावर बोट ठेवून आम्हाला बाहेरचा रस्ता दाखवला. सव्वादोननंतर या, म्हणाला, आणि आकाशाकडे बघत दोन्ही हातांनी स्फोट करून दाखवला.

वेळ काढायला म्हणून आम्ही गल्लीबाहेर पडलो आणि गर्दीत सापडलो. ती गर्दी कुठेतरी निघाली होती, तिने आम्हालाही नेलं. नगरपालिकेसमोरचा प्रचंड चौक, पायाचा अंगठा ठेवायला जागा नाही, मध्यभागी कुंपण, कुंपणात दोऱ्यांवर टांगलेली फटाक्यांची कागदी पुडकी. हजारो माणसं नगरपालिकेच्या घड्याळाकडे तोंड करून उभी. मी आणि क्लिफ एका दिव्याच्या खांबाला चिकटलो. एव्हरिलला लोंढ्याने पंधरा-वीस डोकी पलीकडे नेलं. तिची हिरवी टोपी तेवढी दिसत होती.

“कुणी मेलंय का?” क्लिफने विचारलं.

मी नाही अशी मान हलवली. त्याने आजूबाजूला पाहिलं, कोटाची बटणं लावली. झालं, मी मनात म्हटलं. लावली बटणं.

दोन वाजले. सज्जात रेशमी झग्यातली एक मुलगी पुढे येऊन काहीतरी ओरडली आणि चौकाने तिला ओरडून उत्तर दिलं. माझ्या शेजारच्या बाईने मला आणि क्लिफला कानांवर दाब बसू नये म्हणून तोंड उघडं ठेवायची खूण केली, आ करून दाखवला. मग सुरू झालं.

त्याला आवाज म्हणता येणार नाही. आवाज कानात शिरतो. हे खालून आलं, तळव्यांतून, पोटऱ्यांतून, आणि बरगड्यांत येऊन बसलं. दुकानांची शटरं थरथरत होती. धुराने सूर्य पिवळा झाला. दिवसाउजेडी आकाशात बघण्यासारखं काहीच नव्हतं, आणि कुणी बघतही नव्हतं. लोक डोळे मिटून अंगावर घेत होते. मला वाटलं माझं हृदय चुकीच्या तालावर पडेल आणि तसंच राहील.

मी क्लिफकडे पाहिलं. तो आपल्या बुटांकडे बघत होता. मग त्याने मान वर केली. त्याचा चेहरा मी चाळीसपेक्षा जास्त वर्षं बघतेय, पण तो चेहरा मी त्याआधी पाहिला नव्हता. त्याच्या लग्नातही नाही. तो रडत होता आणि त्याचं त्याला काही वाटत नव्हतं. त्याचा उजवा हात पुढे आला, पंजा उघडला, आणि तळवा खाली दाबला. पुन्हा दाबला. पुन्हा.

ती खूण मला माहीत होती. शेफील्डच्या त्या भागात वाढलेल्या कुणालाही माहीत असेल. घणाच्या आवाजात बोलणं शक्य नसायचं. ऐरणीपाशी उभा असलेला माणूस हाताने सांगायचा आणि घण चालवणारा ठोका द्यायचा. एक बोट हलवलं की हलका. उघडा पंजा खाली दाबला की पूर्ण जोराचा. ही माणसं तेवढ्यावर थांबली नव्हती. आवाज न काढता नुसते ओठ हलवून आणि हात नाचवून ती शर्यतीतले घोडे, फोरमनच्या बायकोच्या भानगडी, सगळं बोलायची. एव्हरिल तिथल्या उपाहारगृहात चहा वाढायची. एके दिवशी क्लिफने दारातून तिच्याकडे बघून मनगटावर दोनदा बोट आपटलं आणि अंगठा खांद्यावरून मागे नेला. म्हणजे, पाळी सुटल्यावर फाटकापाशी थांब, बरोबर जाऊ. ती थांबली. पुढे लग्न झालं.

पण त्या खुणा घरात आल्या नाहीत. ती त्या लोकांची रीत होती. बूट दाराबाहेर, कारखाना कारखान्यात, आणि जेवणाच्या टेबलावर हात गप्प. क्लिफची आई तर लहान मुलांच्याही हातावर चमचा मारायची. कारखाना पाडला, त्या जागी फर्निचरचं दुकान आलं, आणि ती बोलीही गेली, असंच मी धरून चालले होते.

व्हॅलेन्सियाच्या चौकात शेवटच्या मिनिटाला ठोके इतके दाट झाले की त्यांच्यात फट राहिली नाही. क्लिफ पंजा दाबत होता, आणखी, आणखी. कुंपणात फटाके पेटवणारा जणू त्याचाच घण चालवणारा माणूस होता. मग एकदम थांबलं. चौक आरडाओरडा करत होता, पण कुणाला काही ऐकू येत नव्हतं. नवरे बायकांच्या कानात बोंबलत होते, बायका माना हलवत होत्या. मी क्लिफला काहीतरी म्हणाले, ते मलाही ऐकू आलं नाही. त्या हजारो माणसांत त्या क्षणी सगळेच बहिरे होते आणि त्याची सवय एकट्या क्लिफला होती.

त्याने टाचा उंचावून हिरवी टोपी शोधली. हात वर केला, न दिसणारा कप तोंडाला लावला. चहा?

डोक्यांच्या पलीकडे एव्हरिल त्याच्याकडे बघत राहिली. मला वाटलं तिला कळलं नाही. मग तिचा हात वर आला, दोन बोटं, आणि बोटांची हवेत ढवळल्यासारखी एक गिरकी. साखर दोन? क्लिफने एक बोट दाखवलं आणि पोटावर थोपटलं. डॉक्टरने एक कमी केलीय. ती हसली. मला हेवा वाटला, तो लपवत नाही.

गल्लीत परत आलो तेव्हा खुर्च्या खाली उतरल्या होत्या. एव्हरिलला हवं होतं तेच ठरीव जेवण मिळालं. आधी मसुराचं कालवण, मग मासा, पाव, वाइन. आजूबाजूला सगळे एकदम बोलत होते आणि ताटल्या आपटत होत्या. क्लिफने यंत्रं खिशातून काढली नाहीत. कोट मात्र काढून खुर्चीच्या पाठीवर टाकला. एव्हरिल त्या कोटाकडे सारखी बघत होती.

क्लिफने पाव मोडला. बहिरी माणसं बोलतात तसं, जरा जास्तच मोठ्याने म्हणाला, “डॉरीनची ती खोली समुद्राकडे आहे, की मागच्या गल्लीकडे?”

एव्हरिलचा चमचा मसुरात राहिला. तिने वळून माझ्याकडे जे पाहिलं, ते मला पुन्हा बघायचं नाही.

“मी नाही सांगितलं,” मी म्हणाले. “देवाशपथ.”

“तिने नाही गं,” क्लिफ म्हणाला. “तूच सांगितलंस. सप्टेंबरात. बटाटे सोलताना.”

“पण आम्ही किती हळू बोलत होतो,” एव्हरिल म्हणाली.

“हळू आवाज करता. ओठ हळू करत नाही.” त्याने पाव कालवणात बुडवला. “पस्तीस वर्षं दुसरं काय केलं मी? गप्पांत चार तोंडं एकदम हलायला लागली की कुणाकडे बघावं ते कळत नाही. तुम्ही तर दोघीच होतात, आणि खिडकीचा उजेड तोंडावर.”

“काल संध्याकाळचंही?” मी विचारलं. “दार शोधायचं राहिलंय ते?”

“तेही.”

एव्हरिल पांढरी पडली होती. “मग इतके महिने काही बोलला का नाहीस?”

क्लिफने थोडा वेळ खाल्लं. त्याला शब्द शोधायला नेहमीच वेळ लागतो, आणि सापडले तरी तो काटकसरीने वापरतो. त्या बाबतीत दोघांचा जोडा बरा आहे.

“बोलून काय करायचं?” तो म्हणाला. “आलो की.”

एव्हरिलने चमचा खाली ठेवला. रुमाल घेतला, ठेवला. मग तिने त्याच्याकडे सरळ बघत आपल्या मनगटावर दोनदा बोट आपटलं आणि अंगठा खांद्यावरून मागे नेला.

क्लिफने मान डोलावली आणि तिच्या ताटलीतला पाव उचलला. थोड्या वेळाने वाढप्याने बिल आणून ठेवलं. ते तिघांत वाटायचं ठरलं होतं, पण समोरची दोघं हातांनी काहीतरी बोलत होती आणि कुणाचंच तिकडे लक्ष नव्हतं, म्हणून ते मीच दिलं.